परतवाड्याचं पेटी दुरुस्तीचं दुकान: तीन आठवडे म्हणाले, साडेसहा लागले, तरी माझे पाच स्टार

हा रिव्ह्यू लांब होणार आहे, आधीच सांगते. ज्यांना फक्त काम कसं आहे ते पाहिजे त्यांच्यासाठी: काम एक नंबर, रेट वाजवी, माणूस प्रामाणिक, वेळेचं मात्र काही खरं नाही. भजनी मंडळाची, मंदिराची, चर्चची, घरची कोणतीही जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, असू द्या, फेकू नका न् भंगारात देऊ नका, इथे आणा. पण सणाच्या दोन महिने आधी आणा. मी तीन आठवडे आधी नेली होती आणि त्या तीन आठवड्यांचं पुढे काय झालं ते सांगण्यासाठीच एवढं लिहितेय.

दुकानाला नाव नाही. पत्र्याच्या पाटीवर पांढऱ्या पेंटने फक्त "पेटी दुरुस्त करून मिळेल" एवढं आहे आणि खाली तबल्याचं चित्र. एसटी स्टँडवरून पायी दहा-बारा मिनिटं, कोणालाही पेटीवाले चाचा कुठे बसतात विचारा, दाखवतात. परतवाड्यात लाकडाची कामं करणारे पुष्कळ, मेळघाटचा सागवान इथेच उतरतो, त्यामुळे सुतारकाम चांगलं मिळते, पण सुराचं काम करणारा वेगळा माणूस लागते.

आमची पेटी आजोबांची. 39 पट्ट्यांची, डबल रीड (रीड म्हणजे आतली सूर काढणारी पितळी पट्टी), म्हणजे एका पट्टीवर दोन सूर वाजतात, एक खालचा एक वरचा. आजोबा आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तीस वर्षं भक्तीला वाजवायचे. इकडे अचलपूर-परतवाडा भागात मिशनचे लोक जुने, कोठाऱ्याचा मिशनचा दवाखाना सगळ्यांना माहीतच आहे, तसे आम्ही पण तीन पिढ्यांपासून. गावातलं चर्च लहान, पंधरा-सोळा घरं. आजोबा गेले, मग बाबा वाजवू लागले, मग 2016 मध्ये बाबा न् काकांचं विहिरीच्या पाण्यावरून आणि धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) वाजलं, आणि त्यानंतर बाबांनी पेटीला हात लावला नाही. काका भक्तीला यायचे बंद झाले. पेटी नऊ वर्षं कोठीत, कापसाच्या बोऱ्यांच्या मागे. उंदरांनी भाता कुरतडला, आतलं कापड गेलं, चामडं वाळून कडक झालं, मधली एक पट्टी दाबली की वरच यायची नाही, सूर आपला भोंग्यासारखा चालूच.

2025 मध्ये मी ठरवलं की नाताळाच्या आधी पेटी वाजलीच पाहिजे. मी संडे स्कूलची पोरं सांभाळते, त्यांना मोबाईलवरच्या ट्रॅकवर गाणी शिकवते, आणि दरवर्षी कोणाचा तरी फोन भर गाण्यात वाजतो. 30 नोव्हेंबरला आगमनकाळाचा पहिला रविवार होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, चार मेणबत्त्या असतात, दर रविवारी एक वाढवून लावायची, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. सगळ्या चर्चमध्ये नसते, आमच्यात पास्टर साहेबांनी चार-पाच वर्षांपूर्वी सुरू केलं. त्याचा अर्थ एवढाच की नाताळ एकदम 25 तारखेला अंगावर येऊ नये, मन आधीपासून झाडून-पुसून ठेवावं. मी मनात पूर्ण चित्र काढलं होतं, पहिली मेणबत्ती लागेल, बाबा पेटीवर बसतील, चर्चमध्ये सगळे रडतील. देवाला मी तारीखसुद्धा देऊन टाकली होती.

8 नोव्हेंबरला शनिवारी पेटी चादरीत बांधून एसटीने नेली. चाचांनी लगेच हातात घेतली नाही, आधी चहा मागवला, मग झाकण काढून वास घेतला. खरंच वास घेतला. म्हणे उंदीर होते पण वाळवी नाही, लाकूड चांगलं आहे. मग भाता भरून सोडला आणि मनातल्या मनात मोजलं. ही टेस्ट तुम्ही घरी पण करू शकता, पट्टी न दाबता भाता पूर्ण भरायचा आणि सोडायचा, चांगल्या पेटीचा भाता हळूहळू बसते, गळक्या पेटीचा धप्पकन पडते. आमचा पडलाच. साडेतीन हजार सांगितले, त्यात नवीन भाता, सगळ्या पट्ट्यांखालचं चामडं न् फेल्ट, स्प्रिंगा, सगळे सूर काढून साफ करणं आणि ट्यूनिंग. एक हजार ॲडव्हान्स. शेवटी पण साडेतीनच घेतले, एक रुपया वाढवला नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण याआधी मी एका मोठ्या शहरातल्या दुकानात फोनवर विचारलं होतं तर त्यांनी पेटी न पाहताच जुनी टाकून द्या, नवीन घ्या सांगितलं.

चाचा म्हणाले तीन आठवडे. मी मोजले, 29 नोव्हेंबर. एकदम बरोबर पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी. मला वाटलं ही देवाचीच योजना.

29 ला गेले तर पेटी उघडीच. भाता झाला होता, सुंदर झाला होता, पण बाकी सगळं टेबलावर पसरलेलं. आणि भिंतीला लागून सात पेट्या रांगेत. 4 डिसेंबरला दत्त जयंती, गावोगावी सप्ताह, त्यांच्या पेट्या आधी. मला खूप राग आला आणि मी तो दाखवला पण. फोन तरी करायचा होता चाचा, माझे बसचे पैसे गेले, दिवस गेला, घरी वेचणी सुरू आहे, मजूर मिळत नाही आणि मी इथे. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेटा, फोन मी कोनालेच नाही करत, चूक आहे माही. पण दुसरी गोष्ट सांगतो. यात तीन रीड नाहीत."

नाहीत म्हणजे? म्हणजे कोणीतरी काढून घेतल्या होत्या. खालच्या सुरांच्या फळीवर तीन जागा रिकाम्या, स्क्रू नीट काढलेले, तुटलेलं काही नाही. चाचा म्हणाले पालिताण्याच्या नवीन रीड टाकून देतो, माल चांगला येते गुजरातचा, सगळेच वापरतात. पण जुन्या पितळेचा आवाज आणि नवीनचा आवाज यात फरक राहील, ऐकणाऱ्याला कळेल. जुन्या असतील कुठे तर पाहा.

मला माहीत होतं कुठे असतील. भांडणाच्या काही दिवस आधी काका नागपूरला सूर लावून आणतो म्हणाले होते. काकांचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. नऊ वर्षांत मी त्या दारात गेले नव्हते.

मी म्हटलं नवीनच टाका.

बसमध्ये मी रडले. पहिली मेणबत्ती पेटीशिवायच लागली. ढोलकी न् टाळ्यांवर पोरांनी गाणं म्हटलं. पास्टर साहेब त्या दिवशी जखऱ्या याजकावर बोलले, लूकच्या पहिल्या अध्यायातून. म्हातारा माणूस, लेकरासाठी प्रार्थना करून करून थकलेला, देवदूत म्हणतो तुला मुलगा होईल, आणि हा पुरावा मागतो. मग त्याची वाचा जाते. देवदूत त्याला सांगतो की माझे शब्द आपल्या वेळी पूर्ण होतील, आणि तोपर्यंत तू गप्प. अलीशिबेचे नऊ महिने आणि वर आठ दिवस, पोराचं नाव योहान ठेवेपर्यंत, तो माणूस एक शब्द बोलला नाही. पास्टर साहेब म्हणाले की याजकाचं कामच बोलायचं, त्याचंच तोंड बंद झालं, विचार करा त्याच्या आत काय काय झालं असेल. मी तेव्हा नीट ऐकलं नाही. मी पेटीची रिकामी जागा पाहत होते, आम्ही तिच्यासाठी टेबल पण लावून ठेवलं होतं.

दुसऱ्या रविवारी, 7 तारखेला, त्याच योहानाचं, जखऱ्याच्या पोराचं, वचन होतं. मार्ग तयार करा, वाटा सरळ करा, यशयाचं जुनं वचन. आता आमच्या गावात वाट म्हटलं की पांदणच डोळ्यासमोर येते. काकांच्या शेताकडे जायची पांदण आमच्या बाजूने जाते आणि भांडणानंतर त्यावर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. काकांनी टाकल्या असं आमच्या घरी म्हणतात, बाबांनी टाकल्या असं तिकडे म्हणतात. खरं सांगायचं तर दोघांनी टाकल्या आहेत. मी तिथे बसल्या बसल्या विचार केला की महिनाभर मी पेटीची तयारी करतेय, पोरांच्या ड्रेसची करतेय, मेणबत्त्या अमरावतीहून मागवल्या, पण ज्या वाटेबद्दल हा योहान बोलतोय ती वाट तर मी रोज पाहते आणि वळसा घालून जाते. देव उशीर करतोय असं मी आठवडाभर म्हणत होते. त्या भक्तीत बसून पहिल्यांदा वाटलं की तो नाही, मीच थांबून आहे, आणि तो माझ्यासाठी थांबलाय.

मंगळवारी संध्याकाळी गेले. बाबांना सांगितलं नाही, आईला सांगितलं, आईने फक्त पदराला हात पुसले आणि म्हणाली जा. काकूने दार उघडलं, दोन मिनिटं आम्ही दोघी तशाच उभ्या, मग म्हणाली, "ये ना वं, उभी काहून?" चहा झाला. काका आतून आले, किती थकले ते, मला धक्काच बसला, रोज लांबून दिसायचे पण जवळून नव्हते पाहिले.

"तुह्या बापानं पाठवलं काय?"

"नाही काका. मीच आली. पेटीच्या तीन रीड पाहिजे होत्या."

काका उठले, फळीवरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. शोधावं पण लागलं नाही त्यांना. आत जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेल्या तिन्ही रीड, वर तेलाचा हात मारलेला. म्हणजे मधेमधे काढून पुसत होते. म्हणाले, "देतो देतो म्हनता राहून गेलं." मग खूप वेळ काही बोलले नाहीत. मी निघताना दारात आजोबांच्या सुराबद्दल, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीबद्दल, म्हणाले, "बाबा काळी एकवरून म्हनायचे. काळी एक नीट लागते काय पाह्यजो."

बस एवढंच. विहिरीचं काही बोलणं नाही, माफी नाही, काही नाही.

10 तारखेला रीड घेऊन दुकानात गेले. नवीन रीड अजून टाकल्याच नव्हत्या. चाचा म्हणाले, मले वाटलंच आणशील. मी विचारलं कसं वाटलं, तर हसले फक्त.

आता कामाचं नीट सांगते कारण हे पाहायला मिळणं म्हणजे मजा आहे, वेळ असेल तर तिथे तासभर बसाच. रीड म्हणजे पितळेची पट्टी, तिच्यात एक पातळ जीभ, हवा गेली की ती थरथरते आणि सूर निघते. सूर उतरला असेल तर जिभेचं टोक अगदी किंचित घासायचं, टोक हलकं झालं की सूर चढते. सूर चढलेला असेल तर मुळाशी घासायचं, मग उतरते. दोनच गोष्टी, पण घासणं म्हणजे कानस मारणं नाही, केसाएवढं. जास्त घासलं तर जीभ कामातून जाते. चाचा कानानेच लावतात, जवळ ट्यूनिंग फोर्क आहे, आणि नातवाने मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलंय ते शेवटी बघतात, मी पाहिलं तर काटा बरोबर मधे.

मी म्हटलं मग झालं ना, द्या आजच. तर नाही. म्हणाले, "बेटा, सूर लावाले वेळ नाही लागत, सूर टिकाले वेळ लागते." घासलं की जीभ लगेच बसत नाही, आज लावलेला सूर दोन दिवसांनी सरकते, मग परत लावायचा, परत ठेवायचं. लोणचं मुरते तसं. जे घाईत देतात त्यांच्या पेट्या महिनाभरात बेसूर होतात आणि गिऱ्हाईक म्हणते हवामान बदललं. मला तिथे जखऱ्या आठवला, त्याचे नऊ महिने. पहिल्या रविवारचं न ऐकलेलं प्रवचन मी पेटीवाल्याच्या दुकानात बसून ऐकलं म्हणा. मन पण असंच असते, एका मंगळवारी काकांच्या घरी जाऊन चहा पिला म्हणजे सूर लागला, पण बुधवारी घरी कोणी विहिरीचा विषय काढला की माझं तोंड परत सुटलं होतं, परत सरकलाच सूर. परत लावावा लागला. आगमनकाळ चार आठवड्यांचा का असते, एकाच दिवसाचा का नाही, हे मला कोणी असं समजावलं नव्हतं.

दुकानात भिंतीवर एका जुन्या कलाकाराचा फोटो आहे, त्यावरून चाचांनी सांगितलं की आकाशवाणीवर पेटीला 1940 पासून 1971 पर्यंत बंदी होती. एकतीस वर्षं. पेटी परदेशी, पॅरिसमध्ये 1842 ला पेटंट घेतलेली, ती आपल्या गाण्याला चालत नाही असं तेव्हाच्या मोठ्या लोकांचं म्हणणं. आणि तेवढ्या काळात गावोगावच्या भजनात, कीर्तनात, आमच्या चर्चमध्ये ती वाजतच होती, कोणी थांबवली नाही. चाचा हे एवढ्या अभिमानाने सांगतात की ऐकत राहावं.

तिसरी मेणबत्ती गुलाबी, तीही पेटीशिवाय. आता मला तेवढं टोचत नव्हतं. 20 ला बोलावलं होतं, गेले तर दुकान बंद, त्या दिवशी गाडगेबाबांची पुण्यतिथी, चाचा स्वतः कुठल्या तरी गावी भजनाला पेट्या घेऊन गेलेले. शेजारच्या चप्पलवाल्याने सांगितलं. दोन स्टार कापायचे तर इथे कापा, कारण फोन लावला असता तर मी आलेच नसते, पण त्यांचा फोन लागत नाही. परत बस. पण यावेळी रडले नाही, चिक्की घेऊन घरी आले. 21 ला चौथी मेणबत्ती. पास्टर साहेब गलतीकरांच्या पत्रातून बोलले, काळाची पूर्णता झाली तेव्हा देवाने आपला पुत्र पाठवला. जुन्या करारातल्या शेवटच्या संदेष्ट्यानंतर, मलाखीनंतर, चारशे वर्षांच्या आसपास एक संदेष्टा नाही, लोकांना वाटलं देव विसरला, आणि त्याच काळात रोमी लोक सडका बांधत होते न् ग्रीक भाषा सगळीकडे पसरत होती, सुवार्ता पुढे त्याच सडकांवरून, त्याच भाषेत गेली. सडका म्हटल्यावर मी बाबांकडे पाहिलं. बाबा खाली पाहत होते.

23 ला मंगळवारी पेटी मिळाली. साडेसहा आठवडे.

घरी आणून टेबलावर ठेवली, बाबांना म्हटलं पाहा फक्त. त्यांनी भाता हलवला, सोडला, मोजलं, चाचांसारखंच. मग काळी एक दाबली. खालचा सूर न् वरचा सूर एकत्र, काय सांगू, आजोबा खोलीत आल्यासारखं. तीन जुन्या रीड कुठून आल्या हे त्यांनी विचारलं नाही, त्या पट्ट्यांवर बोट मात्र जास्त वेळ ठेवलं.

24 च्या रात्री भक्तीला बाबा वाजवायला बसले, बोटं अडखळत होती, दुसऱ्या गाण्याला मोकळी झाली. काकू नातवाला घेऊन मागच्या रांगेत येऊन बसली होती. काका नाही. भक्तीनंतर पोरांना घेऊन घरोघर गाणी म्हणत फेरी निघते, थंडी खूप होती, पेटी दोघांनी धरलेली, आणि काकांच्या घराकडे वळायच्या वेळी सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी काहीच बोलले नाही, खरंच नाही बोलले. बाबाच पुढे झाले. अंगणात मात्र गेले नाहीत, बाहेर रस्त्यावरच एका दगडावर पेटी ठेवून वाजवली, पोरं अंगणात गायली. काका दारात शाल घेऊन उभे. गाणं संपल्यावर काका तिथूनच म्हणाले, "काळी एक उतरली नाही." बाबा म्हणाले, "नाही उतरली." आणि आम्ही पुढच्या घरी गेलो.

विहिरीचं अजून तसंच आहे. पांदणीवरच्या काट्या आहेत, जानेवारीत थोड्या कमी दिसल्या, कोणी उचलल्या माहीत नाही. मी आता तारीख देत नाही देवाला.

दुकानाबद्दल राहिलेलं: शुक्रवारी दुपारी नमाजसाठी बंद असते, चारच्या आधी जाऊ नका. फोनवर भरवसा ठेवू नका, स्वतः जा. सप्ताहाचे दिवस, कार्तिक महिना, दत्त जयंती आणि गाडगेबाबांची पुण्यतिथी यांच्या तोंडावर काम देऊ नका, नाताळासाठी पाहिजे असेल तर ऑक्टोबरमध्ये द्या. पेटी न्यायला जाताना चादर आणि दोरी घरूनच न्या. काढून ठेवलेले सूर, स्क्रू, तुटलेली पट्टी, जे काही घरात किंवा कोणाच्या घरात पडलं असेल ते शोधून सोबत न्या, चाचा जुनं वापरायलाच बघतात आणि त्याने पैसे पण वाचतात. आणि ट्यूनिंगनंतर तीन महिन्यांनी एकदा परत दाखवायला सांगतात, त्याचे पैसे घेत नाहीत. आमची मार्चमध्ये न्यायची आहे. बाबा म्हणाले मी येतो सोबत, बसमध्ये एकटीला जड होईल.